दार लावून वाजवायची रेकॉर्ड

२ डिसेंबर २०२४, सोमवार

मॅडमनी सांगितलं म्हणून लिहितोय. मुरबाडला दवाखान्यात समुपदेशनाला बसतात त्या. म्हणाल्या, राग आला की लिहा, नाही आला तरी लिहा, कुणाला दाखवू नका. मी म्हटलं, दाखवायचं नाही तर लिहायचं कशाला? त्या हसल्या. मला त्यांचा राग आला नाही, एवढं पहिल्यांदा लिहून ठेवतो.

मला तिथं पाठवलं ते धसईच्या बाजारातल्या भानगडीमुळं. भाजीच्या टेम्पोवाल्यानं माझ्या जेसीबीपुढं टेम्पो आडवा लावला आणि वर मलाच शिवी घातली. त्याचा जबडा मोडला. गावातली चार माणसं मध्ये पडली आणि मिटवलं, पण मॅडमकडं जायची अट घातली.

घरात आम्ही पाच. मी, बायको नेहा, पोरगी मनस्वी तिसरीला, आई आणि आबा. आबा म्हणजे राघो सॅक्सोवाला. मुरबाडपासून शहापूरपर्यंत कुठल्याही गावात जुन्या माणसाला विचारा, त्याच्या हळदीत आबांचा सॅक्सोफोन वाजलेला असणार. दिवाळीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता घशातून नुसता आवाज येतो.

आई त्यांना कुणाला हात लावू देत नाही. भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तीच करते. सकाळी आतल्या खोलीत अंघोळ घालते तेव्हा दार लावून घेते आणि त्यांची ती रेकॉर्ड लावते, मोठ्या आवाजात. आबांनी तिला काय दिलं ते मला माहीत आहे, तरी ती एवढं करते. अशी बाई मिळायला नशीब लागतं.

मला मात्र ती रेकॉर्ड सहन होत नाही. आज सकाळी ती सुरू झाली आणि मी चहाचा कप भिंतीवर मारला. म्हणून लिहायला बसलो.

५ डिसेंबर, गुरुवार

रेकॉर्ड अमेरिकेची आहे. निळं कव्हर, त्यावर एक काळा माणूस डोळे मिटून सॅक्सोफोन फुंकतोय, गळ्याची शीर दोरीसारखी. आबा तरुणपणी मुंबईला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे, मागच्या रांगेत बसायचे. तिथल्या गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकानं मुंबई सोडताना ती त्यांना दिली. आबांसारखा हात हळदी वाजवण्यात फुकट जाईल, असं तो म्हणाला होता म्हणे. ते आबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की त्या माणसाचा आवाजसुद्धा मला पाठ आहे.

आपल्या गाण्यात कुठं थांबायचं ते कळतं. यात नाही कळत. तो सॅक्सोवाला असा पळतो की वाटावं मागं कुत्री लागलीत. पडेल पडेल म्हणतो आणि भलतीकडंच वळतो. ड्रमवाला मागून काठ्या हाणत सुटतो.

आबा हळद वाजवून पिऊन यायचे. आले की आधी दार लावायचे, मग ही रेकॉर्ड, आवाज पूर्ण. आळीत लोक म्हणायचे, राघो रियाजाला बसला. आत आई असायची. कधी वायर, कधी सॅक्सोफोन गळ्यात अडकवायचा तो चामड्याचा पट्टा. मी आणि माझी बहीण कुणाली माळ्यावर. एक बाजू संपली की सुई नुसती करकरायची, मग आम्हाला कळायचं की झालं. पण कधी कधी आबा उठून रेकॉर्ड उलटी करायचे.

मी सात वर्षांचा असताना ती फोडायला गेलो. फुटली नाही, खिळ्यानं दुसऱ्या बाजूवर एक चरा तेवढा पडला. आबांनी माझा डावा हात चौकटीत धरला आणि दार लावलं. कोपर अजून सरळ होत नाही. जेसीबी चालवायला काही अडत नाही.

मी आबांसारखा नाही. मी दारूला शिवत नाही.

८ डिसेंबर, रविवार

कुणाली आली होती. ती शहापूरला एकटीच राहते, लग्न केलं नाही. एका शाळेत पोरांना बँड शिकवते आणि लग्नसराईत स्वतः सॅक्सोफोन वाजवते. आबांनी तिला शिकवलं. मलाही शिकवायला बसवलं होतं, पण माझा सूर चुकला की पाठीत बसायची, मग मी सोडलं. तिचा चुकायचाच नाही.

तिच्याबरोबर साईनाथ नावाचा माणूस होता. कल्याणला त्याचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान आहे. चष्मा, किडकिडीत, बोलणं हळू. त्यानं रेकॉर्ड दोन तळहातांत अशी धरली जशी बाळंतिणीचं पोर धरतात. मोबाइलची बॅटरी लावून आडवी करून बघितली, मधल्या गोल कागदावरचा न्यूयॉर्कचा पत्ता वाचला, कव्हरचा वास घेतला.

"पहिल्या छापाची आहे," म्हणाला. "वजन बघा हिचं. हिच्यासाठी लोक जपानहून फोन करतात. याला बॉप म्हणतात, हितेशभाऊ, जॅझमधलाच एक प्रकार. नाचायचं संगीत नाही हे. बसून ऐकायचं."

"आमच्याकडं दुसऱ्या कामाला वापरायचे," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. कुणाली माझ्याकडं बघत राहिली.

साईनाथनं पुन्हा बॅटरी मारली. "पहिली बाजू फार झिजलीय. आणि झीज ताजी आहे. अलीकडं एवढी कोण वाजवतं?"

"ह्यांना लागते रोज," आई म्हणाली.

रेकॉर्ड बघून आबा घशातून आवाज काढायला लागले. डावा हात खाटेवर आपटत होता, डोळ्यांतून पाणी. कुणालीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "बघ ना, ओळखली त्यांनी," म्हणाली. आबा मात्र बघत होते आईकडं. एवढ्या वर्षांचा संसार आहे शेवटी.

मी म्हटलं, घेऊन जा ती एकदाची. कुणाली नको म्हणाली. तिला त्यातले तुकडे वाजवायला शिकायचेत, म्हणून साईनाथकडून तिची नीट नक्कल करून घ्यायची होती. आमचं वाजायला लागलं तेवढ्यात आई मध्ये पडली.

"ती कुठं जायची नाय. माझी हाय ती."

आईनं आयुष्यात कुठल्या वस्तूला माझी म्हटलेलं मला आठवत नाही.

ठरलं असं की साईनाथ पुन्हा येईल आणि इथंच, मशीन लावून, नक्कल करून नेईल.

११ डिसेंबर, बुधवार

आबांच्या दंडाला आतून निळा डाग दिसला. बोटं रुतल्यासारखा. आईला विचारलं तर म्हणाली, मला काय म्हाइत, आणि भांडी घासत राहिली.

नेहाला विचारलं. तिचं माहेर भिवंडीकडं, तिकडच्या बायका फटकन बोलतात. म्हणाली, "मी आबांना हातच लावत नाय. आई लावू देतात का कुणाला? त्यांनाच विचारा."

"माझ्या आईचं नाव घेतेस?"

"नाव नाय घेत. विचारा म्हनलं."

एकच दिली. तीपण उघड्या हातानं. ती ओट्याला धडकली ते तिचं तीच मागं सरकली म्हणून. लुळ्या माणसाला गुरासारखं ओढायचं आणि आळ आईवर घालायचा, हे मी खपवून घेणार नाही.

मनस्वीनं तेवढ्यात टीव्हीचा आवाज मोठा केला. कानाला दडे बसतील इतका. हल्ली तिला कार्टूनचं फार वेड लागलंय, काही झालं की आधी रिमोट. मॅडमना विचारायला पाहिजे पोरांचं हे वेड कसं सोडवायचं.

१९ डिसेंबर, गुरुवार

सिद्धगडाच्या पायथ्याशी एका मुंबईवाल्याच्या फार्महाउसची जागा सपाट करतोय. आज दगडाखालून घोणस निघाली. बकेटनं दाबली. बराच वेळ दाबत राहिलो. खालचा माणूस ओरडला, "ओ शेठ, कवाच मेली ती!" तरी थोडा वेळ दाबली.

कुणा माणसावर हात टाकला नाही. हा दिवस चांगला धरायचा.

२२ डिसेंबर, रविवार

साईनाथ सकाळीच आला. एकटाच, कुणालीला शाळेच्या पोरांना घेऊन कुठं जायचं होतं. त्यानं मशीन आणलं होतं. मी म्हटलं, आई आता आबांची अंघोळ काढेल, तेव्हा रेकॉर्ड लागेलच, नंतर तुम्हाला देईल. मी अंगणात जेसीबी धूत होतो. तो ओसरीवर आतल्या खोलीच्या दाराशी बसला, डोळे मिटून. ही माणसं अशीच.

थोड्या वेळानं तो माझ्याकडं आला. तोंड पांढरं पडलेलं.

"हितेशभाऊ, जरा बोलायचंय."

"बोला की."

"रेकॉर्डीत दोन गाण्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा असते. तेवढ्यात काही वाजत नाही. मला सवय आहे ती जागा ऐकायची, तिथं रेकॉर्डीचा खरा कस कळतो." त्यानं आतल्या खोलीकडं बोट केलं. "तिथं मला आतून काहीतरी ऐकू आलं. तुम्ही एकदा दार उघडून बघता का?"

माझी आई आत आजारी नवऱ्याला अंघोळ घालते आणि हा परका माणूस बाहेर दाराला कान लावून बसतो. वर मला सांगतो दार उघड. माझ्या डोक्यात जे झालं ते इथं लिहिता येत नाही. पहिली कानाखाली बसली, तशी तो जेसीबीच्या चाकावर गेला. चष्मा गेला. उठायला लागला तर पुन्हा त्याच कानावर, पुन्हा तिथंच. नेहा धावत आली, मला मागून मिठी मारून ओढत होती. "मरंल तो! सोडा!" आत रेकॉर्ड चालूच होती. तो सॅक्सोवाला आणि मी एकाच लयीत होतो, असं वाटलं मला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हेही लिहितो.

साईनाथ मशीन तसंच टाकून गेला. कानातून मानेवर रक्ताची बारीक धार होती.

आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. काय झालं, असं तिनं विचारलंसुद्धा नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

कुणालीचा फोन. साईनाथच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, त्या कानानं पहिल्यासारखं ऐकू येईल असं धरू नका.

"अख्खं आयुष्य त्या कानांवर काढलंय रे त्यानं, दादा."

मी म्हटलं, दुसरा आहे ना.

ती म्हणाली, "तो पोलिसांत जात होता. मी पाया पडून थांबवलं. का थांबवलं तेच आता कळत नाही मला."

४ जानेवारी २०२५, शनिवार

आबांच्या कानामागं जखम. खपली धरलेली. खांद्यावर लांबट वळ.

या वेळी मी नेहाला शांतपणे विचारलं. मॅडमनी शिकवलं तसं, आधी श्वास घेऊन. ती खाली बघून म्हणाली, "मी सांगितलं तर तुमी मला मारनार. नाय सांगितलं तरी मारनार. मंग कशाला इचारता?"

हे उलट बोलणं. लाटणं हाताशी होतं. तिनं डोकं वाचवायला हात वर केला म्हणून मनगटावर बसलं, नाहीतर मी खांद्यावरच मारणार होतो. हाड मोडल्याचा आवाज येतो, बारीकसा, वाळक्या काटकीसारखा.

मुरबाडला नेलं. डॉक्टरांना ती म्हणाली, मोरीत पाय घसरला. माझ्यासाठी खोटं बोलली. म्हणजे काहीतरी आहे तिच्या मनात माझ्याबद्दल.

घरी आलो तर आईनं तिच्यासाठी हळद घालून दूध केलं होतं. देताना आईनं निम्मं बशीत सांडलं. वय झालं तिचं.

१४ जानेवारी, मंगळवार

काल म्हशाच्या जत्रेला गेलो. मनस्वीला चल म्हटलं तर पोटात दुखतंय म्हणाली. एकटाच गेलो. बैलांच्या बाजारात एक खोंड बिथरला होता, मालक त्याला खुंट्याला आवळून काठीनं मारत होता. पोरं हसत होती. मी मालकाच्या हातातून काठी काढून घेतली. मारायची नव्हती, नुसती काढून घेतली. मग ती माझ्या हातात राहिली आणि मालक मागं मागं सरकला.

आबांना घोंगडी घेतली. नेहाला बांगड्या घेतल्या. उजव्या हाताला प्लास्टर आहे, पण डाव्यात घालता येतील.

घरी आलो तर दोघी नाहीत. कपाट उघडं. मनस्वीचं दप्तर नाही.

"कुणाली गाडी घेऊन आली व्हती," आई म्हणाली. "शापूरला गेल्या."

"तू अडवलं नाहीस?"

"नाय."

टीव्ही उचलून अंगणात टाकला. बांगड्या पायाखाली घेतल्या. कुणालीला फोन केला, तर ती अगदी थंड आवाजात म्हणाली, "तक्रार दिलीय दादा. नेहा वहिनीनंच दिली, मी नुसती बरोबर होते. इथं आलास तर शेजारची माणसं तयार आहेत."

आज दिवसभर बसून होतो. कामावर गेलो नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आबांना घोंगडी पांघरायला गेलो. छातीवर वळ. लाल. हात लावला तर गरम लागला.

नेहा सोमवारपासून घरात नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी आईनं दार लावलं. रेकॉर्ड सुरू झाली. मी ओसरीवर साईनाथ बसला होता तिथं बसलो. पहिली बाजू पूर्ण झाली, सुई करकरली. उठलो. तेवढ्यात आतून खरखर झाली आणि पुन्हा सॅक्सोफोन. तिनं रेकॉर्ड उलटी केली होती.

मला माळ्यावर असल्यासारखं झालं. मग सुई माझ्या चऱ्यावर आली आणि अडकली. तेच चार सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. कुणी सुई उचलेना. आणि त्या चार सुरांच्या खाली, त्यांच्या मधूनमधून, दुसरा आवाज. मला तो आवाज लहानपणापासून माहीत आहे. ओल्या अंगावर चामडं बसलं की तसा येतो.

खांद्यानं दार ढकललं, कडी निखळली.

आबा प्लास्टिकच्या खुर्चीत होते, उघडे, ओले, छातीभोवती जुनी साडी बांधून. आईच्या हातात सॅक्सोफोनचा पट्टा. ती जोरात मारत नव्हती. तिच्यात तेवढा जोरच नाही. कपडे धोपटताना बायका मारतात तशी, कामासारखी मारत होती. आबांची मान लटकत होती, चांगला हात वर करायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. मला बघून त्यांनी डोळे असे मोठे केले की मी दुसरीकडं बघितलं.

मी आईचं मनगट धरलं. तिनं पट्टा लगेच सोडला. आणि खाली बसली, भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात डोक्यावर.

"आई, मी आहे," मी म्हटलं. "मी हितेश."

"म्हाइत हाय," ती म्हणाली. हात काढले नाहीत.

रेकॉर्ड तेच चार सूर वाजवत होती. मी मशीनचं बटण शोधत होतो आणि मला ते सापडत नव्हतं. शेवटी वायर ओढली.

१८ जानेवारी, शनिवार

आज आई बोलली. आबांना मीच पुसलं, मीच भरवलं. ती चुलीपाशी तांदूळ निवडत होती, वर न बघता बोलली.

"त्यो बाजा तुज्या बापानं लावला म्हनून मी लावला. म्हनलं, भाईर आयकू जाऊ नये. मंग म्हनलं, त्याला पन कळू दे, बाजा कवा संपतो त्याची वाट बघनं कसं असतं."

"किती दिवस?"

"दवाखान्यातनं आनला तवापासनं."

मी विचारलं, "नेहाला मी मारत होतो तेव्हा बोलली का नाहीस? तिचा काय गुन्हा होता?"

तिचा हात सुपात थांबला.

"भ्याले."

"कुणाला? आबांना? ते तर पडलेत."

"तुला," आई म्हणाली.

मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी तिथंच बसलो होतो. मी तिच्यावर कधी हात उगारला नाही. कधीच नाही. तिला का भीती वाटावी?

२० जानेवारी, सोमवार

आबांना शहापूरजवळ एका वृद्धाश्रमात ठेवलं. कुणालीनं फोनवर बोलून जागा मिळवली. तिला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती एकच म्हणाली, "साईनाथला तेच ऐकू आलं होतं." आबांना पाठीवर घेऊन गाडीत घातलं. हाडं नुसती. तिथल्या बाईनं अंगावरचे डाग बघून मला विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, घरात झालं.

निघताना आई दारात आली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आईनं रेकॉर्ड जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "त्या कानवाल्या पोराला दे. त्याचं मशीन पन दे."

"तुझी होती ना ती?"

"व्हती."

कल्याणला गेलो. साईनाथचं दुकान जिन्याखाली आहे, अरुंद. मला बघून तो गल्ल्यामागं सरकला आणि त्याचा हात फोनवर गेला. मी दोन्ही हात त्याला दिसतील असे ठेवले. लुगडं सोडून रेकॉर्ड पुढं केली. म्हटलं, तू सांगत होतास ते खरं होतं, मी दार उघडलं. त्यानं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. मागायची कशी तेच येत नव्हतं.

त्यानं रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसली आणि लावली. पहिलीच बाजू. मी दारातच उभा होतो. तो खुर्ची फिरवून उजवा कान स्पीकरकडं करून बसला. दुकानात दोन कॉलेजची पोरं कव्हरं चाळत होती, ती थांबून ऐकायला लागली. एकाचा पाय हलत होता. कुणी दार लावलं नाही. रस्त्यावरचे हॉर्न आत येत होते. तो काळा माणूस पळत होता, वळत होता, आणि आज मला पहिल्यांदा ऐकू आलं की मध्ये मध्ये तो श्वास घेतो. तोंडानं, जोरात, बुडणाऱ्या माणसासारखा.

बाजू संपायच्या आत मी निघालो.

२७ जानेवारी, सोमवार

शहापूरच्या पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. नेहा बाहेर बाकड्यावर बसली होती, शेजारी कुणाली. मनस्वी लांब, आंब्याच्या झाडाखाली, माझ्याकडं पाठ करून. नेहाचं प्लास्टर मळलेलं. त्यावर मनस्वीनं पेनानं फुलं काढली होती.

कुणाली म्हणाली, "इथूनच बोल. जवळ नको येऊस."

रस्ताभर मी शब्द जुळवत आलो होतो. म्हटलं, "नेहा, मला कळलं. आबांचे डाग तू केले नव्हतेस. आईनं केले. तुझी काहीच चूक नव्हती. मी उगाच मारलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी तिला परका असल्यासारखं.

"आन मीच केले असते तर?" ती म्हणाली.

"काय?"

"डाग. मी केले असते, तर माजा हात मोडला ते बराबर झालं असतं?"

कुणाली माझ्याकडं बघत होती. मला एवढंच सुचत होतं की पण तू केले नव्हतेस, आणि ते मी मघाशीच बोललो होतो.

आतून हाक आली. हवालदार वयस्कर होता, सावकाश लिहिणारा. नेहाला माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसवलं. त्यानं नाव, गाव, धंदा विचारला. मारलं का, विचारलं. मी हो म्हटलं. कशानं? लाटण्यानं. त्याआधी? हातानं. पुष्कळदा.

"कारण?"

त्यानं पेन उचलून धरलं होतं.

"काय झालं होतं घरात? पैसा? संशय? सांगा, म्हणजे तसं लिहितो. काहीतरी कारण असेल ना."

नेहा समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिचा श्वास थांबलेला मला दिसत होता.

"नाही," मी म्हटलं. "लिहा, कारण नव्हतं."

"असं कसं?"

"तसंच लिहा."

त्यानं लिहिलं. सावकाश लिहिलं, मग वाचून दाखवलं, मी सही केली. नेहा उठली. माझ्याकडं न बघता बाहेर गेली. खिडकीतून दिसलं, तिनं चांगल्या हातानं मनस्वीचा हात धरला आणि त्या दोघी कुणालीच्या मागून रस्ता ओलांडून गेल्या.

मी बसून राहिलो. पुढं काय करायचं ते हवालदार सांगणार होता.